मासा नव्हे, माशी

रविवारी सकाळी रेंजवर एखादी नवी मुलगी येते. बरोबर बाबा असतात. पिस्तूल हातात येऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच बाबा मागून सांगतात, "अर्जुनाला काय दिसत होतं सांग? फक्त डोळा! तूपण फक्त त्या काळ्याकडे बघ." बाबांच्या मायेबद्दल शंका नाही, पण दहा मीटर एअर पिस्तुलात याहून महागात पडणारा सल्ला मला माहीत नाही. मुलगी काळ्याकडे बघते, अगदी डोळे ताणून बघते, आणि गोळी काळ्याच्या बाहेर पांढऱ्यात कुठेतरी जाऊन बसते. बाबा म्हणतात, "लक्ष नाही तुझं." लक्ष असतं. भलतीकडे असतं, एवढंच.

बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो छोटा उंचवटा असतो, त्याला मराठीत माशी म्हणतात. रेंजवर आम्ही 'फ्रंट साइट' म्हणतो, पण माशी हा शब्द मला जास्त आवडतो, कारण तो नेमक्या आकाराचा आहे. अर्जुनाने स्वयंवरात वेधलेला मासा आपण सोडून देऊ. पिस्तूलवाल्याने बघायची ती माशी. असं का, हे समजायला थोडं मोजमाप करावं लागेल.

टार्गेटचा पुठ्ठा १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्यावरचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटर व्यासाचं, आमटीच्या लहान वाटीच्या बुडाएवढं. त्याच्या आत नऊचं कडं २७.५ मिलिमीटरचं, म्हणजे जवळजवळ दहा रुपयांचं नाणं. आणि त्याच्याही आत दहाचं कडं, ११.५ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. हे बटण जमिनीपासून १.४ मीटरवर टांगलंय आणि तुम्ही त्यापासून १० मीटर लांब उभे आहात. झाडलेला छर्रा, ज्याला सगळे पेलेटच म्हणतात, ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचं तोंड चपटं असतं, त्यामुळे पुठ्ठ्याला ऑफिसातल्या पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पडतं. हे भोक कड्याच्या रेषेला नुसतं शिवलं तरी वरचे गुण मिळतात. म्हणून दहा मिळवायला पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की पुरे. हा ८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १,५०० ग्रॅम चालतं. प्रत्यक्षात ते किलोभराचं असतं. धरायचं एकाच हातात, हात सरळ, कुठेही टेकवायचा नाही. दुर्बीण नाही, लेझर नाही. नेम धरायला असतात फक्त दोन वस्तू: पुढे माशी आणि मागे, मनगटाच्या जरा वर, चौकोनी खाच असलेली पट्टी. त्या खाचेत माशी मधोमध दिसली पाहिजे, डावी-उजवीकडच्या प्रकाशाच्या फटी सारख्या आणि माशीचा माथा खाचेच्या वरच्या कडेशी एका रेषेत. दाराच्या चौकटीत बरोबर चौकटीच्याच उंचीचा माणूस मधोमध उभा राहावा, तसं. या जुळणीला साइट अलाइनमेंट म्हणतात. ही जुळलेली जोडी टार्गेटच्या कोणत्या भागावर धरायची, तो वेगळा प्रश्न. नवशिक्यांच्या डोक्यात या दोन गोष्टींची गल्लत असते आणि बरेच दिवस राहते.

आता गणित. समजा माशी आणि खाच अगदी नीट जुळलेली आहेत, पण हात थरथरल्यामुळे अख्खं पिस्तूल आहे तसंच ५ मिलिमीटर उजवीकडे सरकलं. गोळी किती चुकेल? ५ मिलिमीटरच. नळीची दिशा बदललेली नाही, ती फक्त शेजारी सरकली. ५ हे ८ पेक्षा कमी, म्हणजे दहाच.

आता दुसरी चूक घ्या. हात स्थिर आहे, पण मनगट किंचित वळलं आणि माशी खाचेत १ मिलिमीटर उजवीकडे गेली. माशी ते खाच हे अंतर साधारण ३३ सेंटिमीटर असतं आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. त्यामुळे ही १ मिलिमीटरची चूक तिथे पोहोचेपर्यंत ३० मिलिमीटरची होते. मध्यावर धरलेली गोळी थेट सातात. माशी २ मिलिमीटर सरकली तर तीन गुण, आणि घरी जाताना बाबांचं भाषण.

हेच उलट बाजूने करून बघा. दहासाठी ८ मिलिमीटरची मुभा आहे. ८ ला ३० ने भागा. माशी खाचेत जेमतेम पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालेली चालते, लग्नपत्रिकेच्या कागदाच्या जाडीएवढी. हात ८ मिलिमीटर हलला तर माफ, पण माशी पाव मिलिमीटरहून जास्त हललेली माफ नाही. पिस्तूल नेमबाजीचं सगळं तंत्र या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभं आहे असं माझं मत आहे, आणि ते बदलायची वेळ अजून आलेली नाही.

हे किती बारीक जातं त्याचं एक उदाहरण. २८ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिक, महिलांची १० मीटर एअर पिस्तूल फायनल. मनू भाकर २२ गोळ्यांनंतर २२१.७ गुणांवर तिसरी आली आणि कांस्य घेऊन बाहेर पडली. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. त्या क्षणी तिच्या पुढे असलेल्या दक्षिण कोरियाच्या किम ये-जीपेक्षा ती फक्त ०.१ ने मागे होती. टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. त्याला तीसने भागलं की माशीपाशी उरतो मिलिमीटरचा सदतिसावा भाग, डोक्यावरच्या केसापेक्षा बारीक. आणि तिची त्या २२ गोळ्यांची सरासरी काढली तर ती १०.०८ च्या आसपास येते, म्हणजे गोळ्या मध्यापासून सरासरी सातेक मिलिमीटरवर. ऑलिंपिक पदकविजेतीचा हातसुद्धा हलतो. तो हलताना जुळणी मोडत नाही, हे तिचं कसब.

मग बघायचं कुठे? डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. इथे तीन वस्तू आहेत: खाच साधारण ६५ सेंटिमीटरवर, माशी जवळपास मीटरभरावर, टार्गेट १० मीटरवर. तिन्ही एकदम रेखीव दिसणं शक्य नाही, कुणाला तरी धूसर राहावं लागणार. वरचं गणित मान्य असेल तर उत्तर उघड आहे. ज्या चुकीची किंमत तीसपट, तिच्यावर डोळा ठेवायचा. माशीच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. खाच जरा मऊ, आणि टार्गेट म्हणजे धुक्यातला करडा गोळा. टार्गेट स्पष्ट दिसायला लागलं की समजायचं, नजर पळाली.

ती पळतेच, कारण माणसाची नजर जिकडे मारायचं तिकडे जाते. दगडाने कैरी पाडताना आपण दगडाकडे बघत नाही. लहानपणापासूनची ही सवय मोडायला महिने जातात, आणि मोडली असं वाटतं त्या दिवशी स्पर्धा असते आणि ती परत येते. शेवटच्या क्षणी 'बसली का?' म्हणून डोळा चोरून टार्गेटकडे जातो. तेवढ्यात मनगट सैल पडतं आणि माशी खाचेत कधी बुडाली ते कळतही नाही.

माझ्यावर हे संकट वेगळ्या वाटेने आलं. पंचेचाळिशीनंतर एक दिवस माशीला कडाच उरल्या नाहीत. कापूस चिकटल्यासारखी दिसायला लागली. मी हुशारी करून वाचायचा चश्मा लावला, दीड नंबरचा. खाच काय सुंदर दिसली! तिच्यावरची धूळसुद्धा दिसली. माशी मात्र होती तिथेच, कापसात. कारण साधं आहे. दीड नंबरचं भिंग नजर ६५-६७ सेंटिमीटरवर आणून ठेवतं, आणि तिथे खाच असते. माशी त्याच्या पुढे. शेवटी चश्मेवाल्याकडे फूटपट्टी घेऊन गेलो आणि हात लांब करून दाखवलं की मला इथलं, मीटरभरावरचं दिसायला हवंय. तो आधी घाबरला, मी पिस्तूल म्हणालो म्हणून. मग त्याने माझ्या लांबच्या नंबरावर पाऊण नंबर चढवून दिला. त्या भिंगातून समोरच्या माणसाचं नाक धड दिसत नाही, पण माशी दिसते. नेमबाजीचं भिंग करताना हेच लागतं. पाव-अर्धा-पाऊण असं थोडंच वाढवायचं, आणि तपासताना चार्ट न बघता हातभर लांबच्या वस्तूकडे बघायचं.

दुसऱ्या डोळ्याचं काय? तो मिटू नये. एक डोळा घट्ट मिटला की चेहऱ्याचे स्नायू ओढले जातात, उघडा डोळाही आवळतो, आणि साठ गोळ्यांच्या शेवटी कपाळ दुखायला लागतं. त्यापेक्षा त्याच्यापुढे एक छोटी पट्टी लावतात. नियमाने ती ३० मिलिमीटर रुंदीपर्यंत चालते. किम ये-जीचा जो यंत्रासारखा चश्मा जगभर गाजला, त्यात हेच होतं, एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्यापुढे भिंगाची व्यवस्था. त्याच पॅरिसमध्ये तुर्कस्तानचे युसुफ दिकेच साध्या चश्म्यात, खिशात हात घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून उभे राहिले आणि मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेले. लोकांना वाटलं, बघा, साधनं लागत नाहीत. त्यांनाही माशी दिसतच होती. आणि खिशातला हात ही बेफिकिरी नव्हे. मोकळा हात लोंबकळता राहिला तर खांदा डुलतो, म्हणून प्रत्येक पिस्तूलवाला तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतो. त्याच स्पर्धेचं कांस्य मनू आणि सरबज्योत सिंग यांनी जिंकलं, हे त्या फोटोच्या गडबडीत मागे पडलं.

बरं, जुळलेली जोडी धरायची कुठे? तर्काने वाटतं, बरोबर मध्यावर. पण काळ्या गोळ्यावर काळी माशी धरली की काळ्यात काळं मिसळतं आणि माशीचा माथाच हरवतो. दुसरा विचार येतो, काळ्याच्या खालच्या कडेला माशी नुसती टेकवावी. हे दिसायला नेटकं, पण यात एक सापळा आहे. अशी कड बरोबर जुळवायची म्हटली की तिथे नजर लागतेच, आणि टेकली-सुटली-टेकली या खेळात माणूस 'आत्ता!' म्हणून ट्रिगर खेचतो. म्हणून बहुतेक अनुभवी नेमबाज काळ्याच्या खाली, पांढऱ्यात, एका मोकळ्या पट्ट्यात नेम धरतात. माशी आणि काळं यांच्यात भरपूर पांढरं राहतं. तिथे कसली रेघ नाही, जुळवायला कड नाही, हात आपल्या मर्जीने त्या पट्ट्यात तरंगतो आणि डोळ्याला माशीशिवाय दुसरं काम उरत नाही.

गोळी मग खाली नाही का जाणार? नाही, कारण साइट तशी बसवून घेतात. काळ्याच्या कडेपासून साडेचार सेंटिमीटर खाली धरलं तर मध्य तिथून साडेसात सेंटिमीटर वर येतो. ७५ ला पुन्हा ३० ने भागा: खाच अडीच मिलिमीटर उचलली की काम झालं. मागच्या पट्टीला स्क्रू असतात, टिकटिक करत फिरतात. गोळी जिकडे न्यायची तिकडे खाच न्यायची, एवढा नियम पाठ असावा. फक्त एका गोळीवरून स्क्रू फिरवू नये. पाच-दहा गोळ्यांचा पुंजका कुठे पडतोय ते बघून फिरवावा, नाहीतर दिवसभर आपल्याच चुकांचा पाठलाग होतो.

आता हे सगळं बिघडवणाऱ्या बोटाकडे येऊ. नियमाप्रमाणे ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन उचलायला हवं. अर्धा लिटर दुधाच्या पिशवीएवढा जोर एका बोटाने द्यायचा, तोही माशी पाव मिलिमीटर हलू न देता. म्हणून तो हप्त्याहप्त्याने देतात. ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्यात थोडं मोकळं अंतर आणि हलका जोर, मग एक भिंत लागते, आणि भिंतीपलीकडे जरासा जोर वाढला की सुटतो. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर हवा आणि दाब सरळ मागे. तो तिरका गेला किंवा बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली, तर उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी डावीकडे खाली जाते. पुठ्ठ्यावर डावीकडे खाली झुंबड दिसली की मी स्क्रूला हात लावत नाही.

एक गोळी सुरुवातीपासून अशी जाते. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, शरीर टार्गेटला जवळजवळ आडवं. डोळे मिटून हात उचलायचा, आरामात जिथे थांबेल तिथे थांबू द्यायचा, मग डोळे उघडायचे. माशी टार्गेटच्या डावीकडे दिसली तर हात उजवीकडे ओढायचा नाही, मागचा पाय सरकवायचा. हाताने ओढलेली दिशा स्नायू परत मागतो, आणि नेमकी गोळी सुटताना मागतो. मग श्वास घेत पिस्तूल टार्गेटच्या वर नेतात, श्वास सोडत हळूहळू खाली आणतात. मनगट घट्ट, जणू त्यात सांधाच नाही. काळ्यावरून खाली उतरताना पहिला टप्पा दाबून झालेला असतो. पांढऱ्या पट्ट्यात हात टेकतो, श्वास अर्धवट सोडून थांबलेला, आणि आता डोळा माशीवर. पहिली दोन-तीन सेकंदं हात स्थिरावत असतो, पुढची तीन-चार सर्वांत शांत. दाब त्या काळात वाढत राहतो. 'आता सोडू' असा हुकूम नसतो. थरथर चालूच असते, ती मान्य करून बोट मागे येत राहतं, आणि ट्रिगर सुटतो तेव्हा जरासं आश्चर्यच वाटतं.

आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घ्यायचा. हे सगळ्यात अवघड. एकटक बघत राहिल्यावर डोळा दमतो आणि मघाचंच चित्र दाखवत राहतो. माशी कधीच सरकलेली असते, तुम्हाला मात्र जुळलेलीच दिसते. इतकी मेहनत केलीय तर आता मारूनच टाकू, या विचाराने मी जेवढे सात आणि सहा मारले असतील तेवढे दुसऱ्या कशानेही नाही. घाई करायचं कारणही नसतं. पात्रता फेरीत ६० गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे गोळीमागे सव्वा मिनिट. फायनलमध्ये एकेका गोळीला ५० सेकंद मिळतात, त्यातही एकदा खाली घेऊन परत उचलता येतं.

गोळी सुटली तरी काम संपलेलं नसतं. पेलेट नळीतून बाहेर पडायलाही वेळ लागतो, क्षणभराचाच, पण तेवढ्यात मनगट सोडलेला माणूस चुकतो. म्हणून सुटल्यावरही सेकंद-दोन सेकंद तसंच उभं राहून माशीकडे बघत राहायचं. सुटताना माशी कुठे होती, ते शेवटचं चित्र पकडायचं आणि पुठ्ठा परत यायच्या आत किंवा स्क्रीनकडे बघायच्या आत बोलून टाकायचं: "नऊ, उजवीकडे." याला शॉट कॉल करणं म्हणतात. सांगितलेलं आणि पडलेलं जुळायला लागलं की समजावं, डोळा खरंच माशीवर आहे. सांगितलं दहा आणि पडला डावा आठ, तर सुटताना तुम्ही दुसरीकडे बघत होता. स्वतःला खोटं सांगायची सोय या खेळात फार थोडी आहे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. वर सांगितलेल्यासारखीच एक मुलगी, आठवीतली, आणि तिचे अर्जुनप्रेमी बाबा. तिच्या दहा गोळ्या पुठ्ठाभर विखुरलेल्या होत्या, दोन तर वर्तुळांच्या बाहेर. मी पुठ्ठा उलटा लावला. समोर कोरी पांढरी बाजू, ना काळं, ना कडी.

"सर, नेम कशावर धरू?" तिने विचारलं.

"कशावरच नको. साधारण मधे हात ने, आणि माशीच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेव. बाकी काही बघायला नाहीच आहे."

तिने दहा गोळ्या मारल्या. बाबा मागे गप्प होते, कारण सांगण्यासारखं समोर काही नव्हतं. पुठ्ठा परत आला तेव्हा भोकं एका बाजूला सरकलेली होती, पण एकमेकांजवळ. तिने आपल्या वाटीएवढ्या हाताने ती झाकून बघितली. सगळी मावली. मग ती दुसरा पुठ्ठा घ्यायला गेली आणि तोही तिने उलटाच लावला.